डिसवाली भिकी

मसोलीच्या पाड्यात कुणाचं बिनसलं तर म्हातारी माणसं सांगतात, "आपसात मिटवा, पंचांत मिटवा, पण भिकीच्या कानावर जाऊ देऊ नका." बाई दिसायला गरीब गाय. आवाज चढवणार नाही, हात नाचवणार नाही. फक्त झालेलं विसरणार नाही. शेजारच्या शुक्रीच्या कोंबड्यांनी एकदा हिचं वाळत घातलेलं भात टिपलं. भिकी हूं की चूं बोलली नाही. दोन पावसाळे गेले, शुक्रीच्या पोराचं लग्न निघालं, आणि भर मांडवात भिकीनं त्या कोंबड्यांवर असं गाणं रचून म्हटलं की शुक्रीनं त्याच आठवड्यात सगळ्या कोंबड्या विकल्या. बिचारी आजही अंडी विकत आणते.

ही गाणी म्हणजे चेष्टेची गाणी. वरात आली की नवरीच्या बापाला मांडवात चटईवर बसवायचं आणि नवऱ्याकडच्या बायांनी त्याला गाण्यातून सोलून काढायचं, अशी या पाड्यांची रीत. बापानं चिडायचं नाही, उठायचं नाही. प्रत्येक ओळीला हात जोडून एकच म्हणायचं, "होय विहीणबाई." तो उठला तर वरात जेवणाला हात लावत नाही. आणि चटईवर म्हटलेलं 'होय' मागं घेता येत नाही, मग ते चेष्टेतलं का असेना. पाड्यातल्या बारक्याला लेकीच्या लग्नात विहिणींनी गाण्यात विचारलं होतं, "पाचव्या दिवशी बोकड कापशील काय?" तो ताडीच्या तारेत होय म्हणून बसला. पाचव्या दिवशी अख्खी वरात परत दारात हजर. बारक्याकडे बोकड नव्हता, मेव्हण्याचा आणावा लागला. मेव्हणा अजून बोलत नाही त्याच्याशी.

तर अशा गाण्यांत भिकीचा हात धरणारी बाई डहाणूपासून तलासरीपर्यंत नव्हती. लग्नाच्या दिवसांत गाणी, एरवी घोलवडच्या एका चिकूच्या शेडमध्ये पॅकिंग, असं तिचं आयुष्य बरं चाललं होतं. नवरा गेल्यावर पोटाला तेच होतं आणि मानाला हे.

शेडमध्ये तिचं काम ठरलेलं. बाकीच्या बाया माल निवडून पेटीत थर लावत यायच्या आणि शेवटचा वरचा थर, ज्याला तिथं पेटीचं 'तोंड' म्हणतात, तो भिकीनं लावायचा. एकेक चिकू हातानं पुसून, देठ एकीकडे करून ती असा मांडायची की उघडणाऱ्याला वाटावं, आत सगळं असंच असणार. आत काय असायचं ते सुपरवायझर नविनला ठाऊक. शेठ आठवड्यातून एकदा येऊन खुर्चीत बसून जायचे. बाकीचे दिवस नविनचं राज्य. तो बायांना सांगायचा, "पोटात बारीक टाका, डागी टाका, तोंड भिकी सांभाळेल." चांगला माल त्यातून बाजूला निघायचा आणि दुसऱ्याच टेंपोनं दुसऱ्याच गावाला जायचा. कुठं, ते विचारू नका. विचारणाऱ्याची हजेरी कापली जायची.

दोन हजार सोळाच्या थंडीत दिल्लीचा व्यापारी न सांगता येऊन उभा राहिला. त्यानं सगळ्यांसमोर पेटी उलटी केली. तोंडातून पडले डौलदार चिकू, पोटातून सुपारीएवढे आणि डागाळलेले. नविनचं तोंड क्षणभर चुन्यासारखं झालं. मग त्यानं शर्ट सारखा केला, भिकीकडे बोट केलं आणि इंग्रजी काढलं.

"सर, धिस लेडी. धिस इज हर पॅकिंग. व्हेरी डिसऑनेस्ट. ऑल्वेज डिसओबिडियंट. टुडे आय डिसमिस."

मग भिकीकडे वळून साखरेत घोळवलेल्या मराठीत म्हणाला, "काय भिकी, बरोबर ना?"

भिकीला वाटलं, मांडणाऱ्या हाताची ओळख करून देतोय पाहुण्याला. तोंडाचा थर तिचाच होता की. तिनं लगबगीनं हात पुसले, जोडले आणि छान हसून म्हणाली, "हो साहेब. हो हो."

"ऊपर से हंस रही है!" व्यापारी म्हणाला आणि पाठ फिरवून गेला.

पेट्यांवर नावं लिहिणारी संगिता दहावी शिकलेली. टमटमची वाट बघताना तिनं भिकीचा हात धरला. "मावशी, कशाला हो म्हणालीस? त्यानं तुला चोर म्हटलं. उद्यापासून येऊ नको म्हणाला."

"कुठल्या शब्दात म्हणाला?"

"ते डिस, डिस करत होता ना, त्यात."

भिकी टमटममध्ये बसून मसोलीपर्यंत बोटांवर डिस मोजत राहिली. उतरताना एवढंच म्हणाली, "मी सगळ्यांदेखत हो म्हटलं ना? तोही म्हणेल. सगळ्यांदेखत."

पुढचं वर्ष वाईट गेलं. टेंपोवाल्यांनी तिचं नाव 'हो-हो' पाडलं. रस्त्यात दिसली की हॉर्न दोनदा वाजवायचे. चिकूच्या वाडीतल्या फळतोडणीच्या टोळीत तिला कुणी घेईना. ते एक वेळ चाललं असतं, पण लग्नाचे दिवस आले आणि बोलावणंच येईना. मांडवात दागिने असतात, पेट्या उघड्या असतात, तिथं चोर ठरलेल्या बाईला कोण बसवणार? शुक्रीनं तर मुद्दाम दारात उभं राहून विचारलं, "काय गं भिकी, यंदा गळा बसला काय?" कोंबड्यांचं उट्टं काढलं तिनं. भिकीनं तेही मनात ठेवलं.

आणि एके सकाळी ती डहाणू रोडला, मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत, दीपेश सरांच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासात जाऊन उभी राहिली. काखेत टोपली, टोपलीत ताडगोळे.

"मावशी, ताडगोळे नकोत," सर म्हणाले.

"विकायला नाय आले. शिकायला आले. मला इंग्रजी नको, सर. मला डिस शिकवा."

"डिस?"

"त्यानं मला तीन डिस दिलेत. मला परत द्यायचेत."

सरांच्या क्लासात बँकेच्या परीक्षेची पोरं यायची, नर्सिंगच्या पोरी यायच्या. सूड उगवायला आलेलं गिऱ्हाईक पहिलंच. सरांनी खडू उचलला. "सोपं आहे. डिस पुढे लागला की मागच्या शब्दाचं वाटोळं. ऑनेस्ट म्हणजे इमानी, डिसऑनेस्ट म्हणजे बेइमान. ओबिडियंट म्हणजे सांगितलेलं ऐकणारा, डिसओबिडियंट म्हणजे न ऐकणारा. कनेक्ट म्हणजे जोडणं, डिसकनेक्ट म्हणजे तोडणं."

"म्हणजे चिकूतली अळी," भिकी म्हणाली. "फळ तेच, आतून सगळं फिरलेलं."

"अगदी."

"मग डिस्ट्रिक्ट? पालघर डिस्ट्रिक्ट झाला तेव्हा तर पेढे वाटले सगळ्यांनी."

सर हसले. "तो डिस वेगळा, मावशी."

"आणि डिस्को?"

"तोही वेगळा. डिस काढून बघायचा. मागे अर्थाचा शब्द उरला तर समजायचं, अळी आहे."

भिकीनं मनातल्या मनात काढून बघितलं. "को उरतो. जाऊ दे, डिस्को सुटला. पण डिसमिस? त्यात मिस उरतो."

इथं सर जरा अडले. मग सांगितलं की हा लॅटिनमधून आलेला, तिथं डिसचा अर्थ दूर, आणि पुढचा भाग म्हणजे धाडणं.

"दूर धाडणं," भिकी म्हणाली. "हां. हे बरोबर आहे. लॅटिनवाल्यांकडेही सुपरवायझर असणार."

उन्हाळाभर ती जात राहिली. बाकीची पोरं व्याकरण शिकायची, ही कोपऱ्यात बसून फक्त डिस गोळा करायची. डिसलाइक म्हणजे नावडणं. डिसलॉयल म्हणजे ज्याचं खातो त्यालाच बुडवणारा. डिसगाइज म्हणजे सोंग. डिसग्रेस म्हणजे चारचौघांत काळं तोंड. घरी येऊन ती ते बकरीवर वापरून बघायची. बकरी दावं तोडून पळाली की "डिसओबिडियंट कुठली!" आणि दूध कमी दिलं की "डिसअपॉइंट केलंस गो." पाड्यातल्या लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. शुक्री तर सरळ म्हणाली की नोकरी गेल्याचा धक्का बसला. अर्थ आले, शब्द आले, सूर तर गळ्यात होताच. कमी होती फक्त चटईची, आणि चटईवर नविनची.

ती कमी कशी भरून निघाली ते ऐका, म्हणजे भिकी काय चीज आहे ते कळेल. नविनची पोरगी योगिता लग्नाची झाली होती. घोलवडला स्लॅबचं घर, बाप सुपरवायझर, पोरगी नाकीडोळी नीटस, त्यामुळे नविन स्थळं नाकारत बसला होता. इकडे तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या कडेच्या गावात भिकीचं माहेर. तिथं तिचा भाऊ चिमण भात आणि नाचणी करतो, आणि त्याचा मुलगा सुनिल वापीला कंपनीत परमनंट. भिकी माहेरी गेली, दोन दिवस राहिली आणि भावाच्या कानात एवढंच घालून आली, "घोलवडची ती पोर आपल्या सुनिलला शोभेल." झालंही तसंच. पोरानं पोरगी पाहिली, पोरीनं पोरगा, आणि दोघांनी फोनवर बोलून बोलून बॅलन्स संपवला. नविनला परमनंट नोकरी दिसली, त्यानं होकार दिला. भिकी त्याच्या हाताखाली सात वर्षं राबली होती, पण तिचं माहेर कुठलं, हे विचारायची त्याला कधी गरज पडली नव्हती.

साखरपुड्याला मुलाकडची माणसं गाडीतून उतरली. चिमणनं ओळख करून दिली, "ही माझी मोठी बहीण. नवऱ्या मुलाची आत्या."

नविननं पुढं केलेला सरबताचा ट्रे तसाच मागं घेतला.

"ओळखते मी व्याह्यांना," भिकी म्हणाली. "हो हो."

गाव जमलेलं, पोरगी नटून बसलेली. परतायचं कुठं?

लग्न दोन हजार अठराच्या मे महिन्यात लागलं. नविनच्या दारातच मांडव, शेडमधल्या सगळ्या बाया जेवायला, टेंपोवालेही कडेला. वरात आली, नविनला नव्या धोतरात चटईवर बसवलं. त्याच्या बाजूला बायको हिरू, समोर भिकी आणि माहेरच्या बाया. नविननं रात्रीच हिरूला सांगून ठेवलं होतं, "काय बोलेल ते बोलू दे. पोटातल्या मालाबद्दल बोलली तर चेष्टा म्हणून हसायचं."

भिकी मालाबद्दल बोललीच नाही. पदर खोचून तिनं सूर लावला.

"मांडवाच्या दारी कोण गो बसला, कोण गो बसला?
डिसऑनेस्ट व्याही चटईवर बसला!"

बाया खिदळल्या. इंग्रजी शब्द गाण्यात, केवढी मौज! नविनला मात्र शब्द कळला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण त्यानं आजूबाजूला पाहिलं. कुणाच्याच तोंडावर अर्थ नव्हता. संगितालाही तेव्हा शेडमध्ये नुसता अंदाजच आला होता, शब्द कळले नव्हते. ज्या भाषेत यानं बाईला बुडवलं, ती भाषा इथं आपल्याशिवाय कुणाला येते? त्याला धीर आला. हात जोडून, मिस्कील हसून तो म्हणाला, "होय विहीणबाई."

"शेठाच्या दारी कोण गो खातो, कोण गो खातो?
डिसलॉयल व्याही दोन हातांनी खातो!"

"होय विहीणबाई!" आता तर तो रंगात आला.

"शर्टाच्या आत कोण गो दडला? डिसगाइज करून व्याही गो दडला!"

"होय, होय!"

"घोलवडच्या गावात नाव काय काढलं? डिसग्रेस, डिसग्रेस नाव त्यानं काढलं!"

"होय विहीणबाई, होय!" नविननं टाळी वाजवली. सगळा मांडव हसत होता. टेंपोवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. एवढा सज्जन व्याही कुणी पाहिला नव्हता.

भिकीनं सूर थांबवला. घोटभर पाणी प्यायली.

"झालं का सगळं होय म्हणून?" तिनं विचारलं.

"झालं की, विहीणबाई. चला जेवायला."

"थांबा. बायांनो, व्याही कशाकशाला होय म्हणाले, ते कळलं काय?"

"नाय गो!" बाया ओरडल्या. "सांग की!"

नविनचं हसू तिथंच वाळलं.

"डिसऑनेस्ट म्हणजे बेइमान. पेटीच्या तोंडाला चांगलं आणि पोटात डागी घालायला लावणारा. होय म्हणाले. डिसलॉयल म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणारा. शेठचा निवडक माल दुसऱ्या टेंपोनं जातो ना, तसा. होय म्हणाले. डिसगाइज म्हणजे सोंग. आपण करायचं आणि दुसरीकडे बोट दाखवून आपण साव व्हायचं. दोनदा होय म्हणाले. आणि डिसग्रेस..." इथं तिनं नविनकडे नीट पाहिलं. "डिसग्रेस म्हणजे हे आता जे तुमचं तोंड झालंय ना, ते."

दुसरा टेंपो चालवणारा हळूच चपला शोधायला लागला. नविन एका गुडघ्यावर आला.

"उठू नका, व्याही," चिमण म्हणाला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, तो बिचारा रीत सांभाळत होता. "उठलात तर वरात उपाशी जाईल."

हिरूनं नवऱ्याचं धोतर धरून खाली ओढलं. नविन बसला.

"चेष्टा आहे ही," तो पुटपुटला.

"चेष्टाच," भिकी म्हणाली. "बारक्याचा बोकडही चेष्टाच होता. चला, जेवून घ्या सगळे."

एखादी बाई इथं थांबली असती. पाड्यात भिकीचं नाव त्याच संध्याकाळी साफ झालं, शुक्रीनंही येऊन म्हटलं, "मला आधीच वाटलं होतं." पण भिकीला मांडव पुरणार नव्हता. तिला चोर ठरवलं होतं शेडमध्ये, भर उजेडात. हिशोब तिथंच व्हायला हवा होता. नविननंही उसनं अवसान आणलंच होतं. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन सांगत सुटला की लग्नातली गाणी कुणी मनावर घेतं काय, शेठ तर तिथं नव्हतेच.

हिरू मात्र शहाणी. चौथ्या दिवशी ती मसोलीला भिकीच्या दारात आली. "विहीणबाई, आता पुरे करा. माझी पोर तुमच्या घरात नांदायची आहे."

"तुझी पोर आमची सून," भिकी म्हणाली. "तिला कुणी वाकडं बोललं तर पहिली मी उभी राहीन. चहा घे."

"मग उद्या तिला माहेरी पाठवणार ना?"

"पाठवणार कशाला? रीतीप्रमाणं आत्यानं आणायची, मीच घेऊन येईन. फक्त तुझ्या घरी नाय आणणार. शेडवर आणीन. बाप तिथंच असतो ना त्या वेळी? तिथून घेऊन जाईल."

हिरूच्या हातातला चहा गार झाला. पहिल्यांदा माहेरी येणाऱ्या लेकीला बापानं पुढं होऊन आत घ्यायचं असतं. नाही घेतलं तर लेक उंबऱ्यावरून परत सासरी, आणि मग गाव त्या घरात वर्षभर पाणी पीत नाही.

दुसऱ्या दिवशी शेठची खुर्ची शेडमध्ये मांडलेली होती. तो त्यांचा येण्याचा वार, हे भिकीला माहीत नसतं तरच नवल. गेटसमोर टमटम थांबली. आधी भिकी उतरली, मागोमाग हिरवा चुडा, नवी साडी आणि हातात पिशवी घेऊन योगिता. बायांचे हात पेट्यांवर थांबले. गेटवरचा म्हातारा वॉचमन हाल्या स्टूलवरून उठला.

नविन धावत आला. "अगं, इथं कशाला? घरी चल!"

"घेऊन जा," भिकी म्हणाली. "आधी बोल. काय होय म्हणालास ते. इंग्रजीत नको, आपल्या भाषेत."

"भिकी, शेठ आहेत आत," नविन दातांतून म्हणाला.

"म्हणून तर टमटम वेळेवर सोडायला सांगितली."

"पोरीचा तरी विचार कर!"

"बाबा, बोला आणि मोकळे व्हा," योगिता म्हणाली. "ऊन आहे, मला तहान लागलीय. आणि खरं असेल तर बोलायला काय जातं? खोटं असेल तर तसं सांगा, मी आत्याला इथून परत नेते."

लेकीच्या डोळ्यांत बघून खोटं म्हणणं त्याला जमलं नाही. तो खाली मान घालून काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?" हाल्यानं कानाला हात लावला. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं.

"हाल्याकाकांना ऐकू नाय आलं," भिकी म्हणाली. "ते मोठे माणूस. मोठ्यानं सांग."

"डागी माल मी भरायला लावायचो," नविन म्हणाला. "भिकीचा काही दोष नव्हता."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शेठ चहाचा कप घेऊन बाहेर आले होते. त्यांनी नविनकडे पाहिलं, दुसरा टेंपो उभा राहायचा त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग भिकीकडे. "भिकीबेन, उद्यापासून येऊन जा कामावर."

"बघते," भिकी म्हणाली. तिनं मान शेठकडे वळवलीच नाही. नजर नविनवरून हलत नव्हती. "काका, आलं काय ऐकू?"

"थोडं थोडं," हाल्या म्हणाला. "भिकीचा दोष होता म्हणतो?"

शेडमधून बायांचं हसू फुटलं. नविननं कपाळावरचा घाम पुसला आणि हाल्याच्या कानाशी तोंड नेऊन, रस्त्यापलीकडच्या वाडीपर्यंत जाईल एवढ्या आवाजात ओरडला, "चोर मी होतो! भिकी नाय!"

हाल्यानं मान हलवली, जरा विचार केला आणि डोकं दुसरीकडे वळवलं.

"आता ह्या कानात सांग," तो म्हणाला. "हा जरा बरा आहे."

भिकीनं योगिताच्या हातातली पिशवी घेतली आणि सावलीला नेऊन ठेवली. नविन हाल्याच्या पलीकडच्या बाजूला जायला निघाला होता.